लहान मुलांचं हृदय प्रत्यारोपण: नंतरचं जगणं कसं असतं?

प्रश्न एका आईचा आहे. मुलगी सव्वादोन वर्षांची. डायलेटेड कार्डिओमायोपॅथी, म्हणजे हृदयाचा कप्पा फुगलाय, भिंत पातळ झालीय आणि आकुंचनाचा जोर उरलेला नाही. औषधांनी आता भागत नाही, म्हणून प्रत्यारोपणाच्या यादीत नाव नोंदवायचं ठरतंय. आई विचारते, "किती वर्षं मिळतील ते सगळे सांगतात. ती वर्षं कशी जातील? ती धावेल का, शाळेत जाईल का, की जन्मभर पेशंटच राहील?"

मी लहान मुलांचा हृदयरोगतज्ज्ञ आहे. प्रत्यारोपण झालेल्या मुलांना वर्षानुवर्षं तपासत आलोय, त्यांतली काही आता कॉलेजात आहेत. थेट उत्तर आधी देतो: नवं हृदय बहुतेकदा आपलं काम चोख करतं. धावणं, शाळा, भावंडांशी मारामारी हे बहुतेक मुलांच्या वाट्याला येतं. पण या वयात जगणं सुखाचं होणार की कष्टाचं, हे ज्यावर ठरतं त्या गोष्टी बऱ्याचशा हृदयाबाहेरच्या असतात. जेवण, झोप, सुईची भीती, बोलायला झालेला उशीर आणि घरातल्या मोठ्यांची धास्ती. त्यांच्याबद्दल आधी कुणी फारसं बोलत नाही, म्हणून मी त्यांच्यावरच जास्त रेंगाळणार आहे.

वर्षांचं थोडक्यात सांगतो, कारण ऐकलेल्या आकड्यांचा अर्थ बरेचदा चुकीचा लावला जातो. डिसेंबर १९६७ मध्ये जगातलं पहिलं मानवी हृदय प्रत्यारोपण झालं आणि त्यानंतर तीनच दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये एका तान्ह्या बाळावर ते करून पाहिलं गेलं. ते बाळ काही तासच जगलं. परक्या अवयवावरचा शरीराचा हल्ला आवरणारं सायक्लोस्पोरिन हे औषध १९८०च्या दशकात आलं, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. आज तान्ह्या वयात प्रत्यारोपण झालेल्यांत निम्म्याहून जास्त मुलं त्यानंतर २० वर्षांच्या पुढे जातात. किशोरवयात झालेल्यांत निम्मी मुलं साधारण १३ ते १५ वर्षांच्या पुढे जातात. म्हणजे लहान असणं इथे फायद्याचं आहे. लहान बाळाची रोगप्रतिकारक यंत्रणा अजून कच्ची असते, परकं हृदय ती जरा सोशिकपणे स्वीकारते. तान्ह्या बाळांना वेगळ्या रक्तगटाचं हृदयसुद्धा चालू शकतं, हे टोरांटोच्या डॉक्टरांनी २००१ मध्ये दाखवून दिलं. आणखी एक लक्षात घ्या, २० वर्षांचा हा आकडा २० वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या मुलांवरून काढलेला आहे. तेव्हाची औषधं आणि तपासण्या आजच्यापेक्षा तोकड्या होत्या. पण दुसरी बाजूही लपवत नाही. दोन वर्षांच्या मुलाला बसवलेलं हृदय सहसा म्हातारपणापर्यंत पुरत नाही. कधीतरी दुसऱ्या प्रत्यारोपणाचा विषय निघण्याची शक्यता बरीच आहे.

आता पहिले काही आठवडे. आजारी हृदयाचं मूल दूध पिताना घामाघूम होतं, दोन घोटांत थकतं, वजन वाढत नाही, हातपाय गार राहतात. प्रत्यारोपणानंतर पालकांना सगळ्यात आधी जाणवतं ते हेच, की तळपाय गरम लागतात आणि ओठांवर रंग येतो. इथे आनंदाच्या भरात एक अपेक्षा तयार होते की आता मूल रोज थोडं थोडं सुधारतच जाणार. तसं होत नाही. झोपेची आणि वेदनेची औषधं कमी करताना मूल चिडचिडं होतं, थरथरतं, रात्र रात्र जागतं. स्टेरॉईडमुळे चेहरा गोल होतो आणि मूड क्षणात बदलतो. चालणारं मूल पुन्हा बसून राहतं, शी-शू सांगणारं मूल पुन्हा डायपरवर येतं, बोलकं मूल गप्प होतं. हे काही आठवडे चालणं अपेक्षितच आहे. मात्र एखादा हात किंवा पाय कमी हलतोय, नजर ठरत नाहीये असं वाटलं तर वाट बघू नका, त्याच दिवशी सांगा. यंत्राच्या आधारावर राहिलेल्या मुलांत मेंदूत गुठळी जाण्याचा धोका असतो आणि तो आईच्या नजरेला अनेकदा आधी दिसतो.

आणि जेवण. पाच वर्षांच्या आतल्या मुलांच्या घरी सर्वांत जास्त अश्रू याच्यावर सांडतात, असं माझं मत आहे. आठवडे किंवा महिने नाकातून पोटात नळी घालून दूध दिलेलं असतं. त्या काळात तोंडाशी जे जे आलं ते त्रासाचंच होतं: श्वासाची नळी, सक्शन, चिकटपट्ट्या, कडू औषधं. मग हृदय बरं झालं तरी मूल चमचा बघताच मान फिरवतं, उमासे काढतं. याला हट्ट समजू नका. तोंडाची धास्ती बसलेली असते आणि ती घालवायला वेळ लागतो, काही मुलांत वर्षभराहून जास्त. नळी असतानाच यावर काम सुरू करावं. नळीने दूध चालू असताना चोखायला काहीतरी द्यायचं, ओठांना चव लावायची, घरचे जेवत असताना मूल सोबत बसवायचं, अन्नात हात घालून पसारा करू द्यायचा. गिळण्याच्या अडचणींवर काम करणारे स्पीच थेरपिस्ट टीममध्ये असतील तर पहिल्या आठवड्यापासून त्यांना बोलवा. हात धरून, नाक दाबून भरवणं पूर्ण टाळा. त्या एका वाटीपायी पुढचा महिना जातो. आणि औषध कधीही मुलाच्या आवडत्या पदार्थात किंवा बाटलीभर दुधात मिसळू नका. निम्मं प्यायलं तर डोस किती गेला ते कळत नाही, आणि वर मुलाचा तो पदार्थही सुटतो.

औषधांची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते, म्हणून फक्त ज्याने रोजचं जगणं बदलतं तेवढंच सांगतो. परक्या हृदयावर शरीराने हल्ला करू नये म्हणून बहुतेक मुलांना टॅक्रोलिमस असतं, दर १२ तासांनी, जन्मभर. जोडीला मायकोफेनोलेट, सुरुवातीला स्टेरॉईड, शिवाय संसर्ग, रक्तदाब, मॅग्नेशियम यांसाठी आणखी काही. पहिल्या महिन्यांत ही यादी बघून धडकी भरते. वर्षभरात ती बरीच आखडते आणि अनेक मुलांचं स्टेरॉईड पूर्ण सुटतं, मग उंचीही भरून निघू लागते. वेळ ठरवताना डॉक्टरांना जे सोयीचं ते धरू नका, तुमच्या मुलाच्या झोपेचा विचार करा. सकाळी ६ आणि संध्याकाळी ६ ठेवलं तर रोज झोपलेलं मूल उठवावं लागेल का? ८-८ केलं तर शाळा सुरू झाल्यावर जमेल का? क्षुल्लक वाटणारा हा निर्णय हजारो वेळा पाळायचा आहे.

टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी थोडी घसरली तर रिजेक्शन, म्हणजे शरीराचा नव्या हृदयावर हल्ला, आणि थोडी चढली तर किडनीला त्रास, अशी ही तारेवरची कसरत असते. जुलाब झाले की पातळी खाली जाईल असं कुणालाही वाटेल, प्रत्यक्षात ती बऱ्याचदा वर जाते. म्हणून दोन दिवस पोट बिघडलं तर टीमला फोन करायचाच. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही अँटिबायोटिक्स आणि फ्लुकोनॅझोलसारखी बुरशीवरची औषधं ती वर नेतात, फिटवरची काही औषधं आणि रिफॅम्पिसिन खाली नेतात. तापाला आयब्युप्रोफेन नको, किडनीवर दुहेरी भार पडतो. ग्रेपफ्रूट आणि त्याच्या जवळची पपनसासारखी फळं वर्ज्य. पातळ औषध असेल तर बाटलीवर एका मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम आहे ते दर वेळी वाचा, कारण वेगवेगळ्या ठिकाणी ते वेगवेगळ्या तीव्रतेचं बनवतात. कंपनी परस्पर बदलू देऊ नका. उलटी झाल्यावर डोस पुन्हा द्यायचा की नाही याचा नियम प्रत्येक केंद्राचा वेगळा असतो, तो लेखी मागून फ्रीजवर लावून टाका.

सुई. पहिल्या वर्षात रक्त वारंवार काढावं लागतं. मानेतल्या किंवा मांडीतल्या शिरेतून नळी घालून हृदयाचा छोटा तुकडा काढण्याची बायोप्सी असते, लहान मुलांत ती भूल देऊन करतात, शिवाय त्याआधी उपाशी ठेवावं लागतं. खूप लहान बाळांत बऱ्याच केंद्रांत बायोप्सी कमी आणि इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवर, भर जास्त असतो. दात्याच्या पेशींचा डीएनए रक्तात किती सापडतो यावरून रिजेक्शनचा अंदाज घेण्याची पद्धतही आता काही ठिकाणी वापरतात. तपासण्या कमी करणं आपल्या हातात थोडंच आहे, पण त्या कशा होतात हे बरंचसं आहे. बधिर करणारं क्रीम वेळेआधी लावून घ्या. मुलाला टेबलावर आडवं दाबून धरण्याऐवजी मांडीवर, छातीशी धरून बसवा. कुठला हात, हे त्याला ठरवू द्या. "दुखणार नाही" असं सांगू नका, "टोचेल, मग संपेल, मी इथेच आहे" असं सांगा. दोन वर्षांच्या मुलाशी खोटं बोललात तर पुढच्या वेळी दारातूनच रडू सुरू होतं. घरी बाहुलीला सुई टोचण्याचा खेळ मूल स्वतःहून खेळायला लागलं तर थांबवू नका, ते त्याचं मन मोकळं करतंय.

धावण्याबद्दल तुम्ही विचारलंत. प्रत्यारोपण करताना हृदयाकडे जाणाऱ्या नसा, म्हणजे मेंदूचे संदेश नेणारे मज्जातंतू, कापल्या जातात. त्यामुळे स्वस्थ बसलेलं असतानाही नाडी नेहमीपेक्षा जलद असते. पळायला लागलं की ठोके लगेच वाढत नाहीत, रक्तातलं ॲड्रिनलिन पोचेपर्यंत काही मिनिटं जातात, आणि थांबल्यावर खाली यायलाही वेळ लागतो. मोठ्या मुलांच्या व्यायाम चाचणीत क्षमता निरोगी मुलांच्या तुलनेत कमी भरते, साधारण दोन तृतीयांशाच्या आसपास. पण दोन-तीन वर्षांचं मूल पळतं, थांबतं, बसतं, परत पळतं, त्यामुळे या वयात फरक सहसा दिसतच नाही. शाळेतल्या शर्यतीत तो दिसेल. तेव्हा शिक्षकांना सांगायचं की आधी पाच-दहा मिनिटं हळूहळू पळू द्या आणि एकदम थांबवू नका. छातीचं हाड जुळेपर्यंत, म्हणजे साधारण ६ ते ८ आठवडे, मुलाला काखेत धरून उचलू नका, पाठीखाली आणि कुल्ल्यांखाली हात घालून उचला. त्यानंतर घसरगुंडी, सायकल, पोहणं सगळं टप्प्याटप्प्याने करता येतं.

नसा नसण्याचा एक तोटा मात्र गंभीर आहे. पुढे काही वर्षांनी या हृदयाच्या रक्तवाहिन्या आतून अरुंद होऊ लागतात आणि उशिरा हृदय निकामी होण्याचं ते एक मोठं कारण असतं. प्रत्यारोपण न झालेल्या मोठ्या माणसाला अशा वेळी छातीत कळ येते, या मुलांना सहसा येत नाही. म्हणून मूल ठणठणीत दिसत असतानाही ठरावीक काळाने अँजिओग्राफी करतात. "एवढं चांगलं आहे तर कशाला?" असं वाटतंच, तरी ती चुकवू नका. रिजेक्शनही लहान मुलांत बरेचदा छातीत दिसत नाही, पोटात दिसतं: खाणं कमी, उलट्या, पोटदुखी, किरकिर, सुस्ती. कधी काहीच नाही.

आता मेंदूचा विकास, ज्याच्याबद्दल आमचं क्षेत्र फार वर्षं गप्प होतं. हृदय अशक्त असताना मेंदूला रक्त कमी पुरतं, त्यात हार्ट-लंग मशीन, एक्मो (हृदय-फुफ्फुसांचं काम काही दिवस बाहेरून करणारं यंत्र), आयसीयूतले महिने. प्रत्यारोपण झालेल्या मुलांच्या गटाचा बुद्ध्यांक सरासरीच्या आत पण खालच्या बाजूला येतो. बहुतेक मुलं नेहमीच्या शाळेत जातात. अडचणी येतात त्या लक्ष टिकवणं, भाषा, डोळे आणि हात यांचा मेळ, आणि कामाची आखणी अशा ठिकाणी. जन्मजात दोषासाठी आधी शस्त्रक्रिया झालेल्या मुलांत त्या जास्त, तुमच्या मुलीसारख्या कार्डिओमायोपॅथीत तुलनेने कमी. तीन वर्षांच्या मुलात उशीर ओळखून थेरपी सुरू केली तर फायदा मोठा असतो. तेच आठ वर्षांचं झाल्यावर लक्षात आलं तर तोवर त्याला "आळशी" हा शिक्का बसलेला असतो. तेव्हा "हृदय ठीक आहे ना, बाकी बघू पुढे" असं कुणी म्हणालं, अगदी हृदयरोगतज्ज्ञ म्हणाला तरी, विकासाची औपचारिक तपासणी मागून घ्या आणि शाळेत घालण्याआधी ती पुन्हा करा.

संसर्गाबद्दल घरोघरी दोन टोकं दिसतात. पहिले सुमारे तीन महिने औषधांचा मारा सर्वांत जड असतो. तेव्हा गर्दी टाळणं, पाहुणे कमी करणं, हात धुणं योग्यच. त्यानंतरही मूल चार भिंतींत ठेवलं तर ते सर्दीपासून थोडंफार वाचतं आणि बोलणं, खेळणं, वाट बघणं, वाटून घेणं यात मागे पडतं. सर्दी सगळ्या मुलांना होते, यांनाही होईल, क्वचित थोडी लांबेल. बालवाडी साधारण तिसऱ्या महिन्यानंतर टीमच्या परवानगीने सुरू करता येते. ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप गेला तर फोन, हा नियम मात्र कधीच सैल करू नका. वर्गात कुणाला कांजिण्या किंवा गोवर आला तर त्याच दिवशी कळवा, कारण संपर्कानंतर द्यायच्या इंजेक्शनचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच होतो. घरातल्या सगळ्यांच्या लसी पूर्ण करा. तोंडातून द्यायची पोलिओची लस घरातल्या दुसऱ्या बाळाला द्यायची असेल तर आधी विचारा. मांजराची विष्ठा, कासव, पक्ष्यांचे पिंजरे यांपासून दूर. उन्हात टोपी आणि सनस्क्रीन, कारण या औषधांनी पुढे त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. एपस्टीन-बार या विषाणूवर आम्ही रक्ततपासणीतून लक्ष ठेवतो, त्याच्यामुळे लसिका ग्रंथींचा एक आजार होऊ शकतो. मानेत गाठी, सतत घोरणं, बरेच दिवस पोट बिघडलेलं असं काही दिसलं तर सांगा.

मुलांच्या जगण्याची प्रत मोजायला प्रश्नावल्या असतात. दोन वर्षांपासून पालकांना विचारतात, पाचव्या वर्षापासून मुलाला स्वतःला. अशा पाहण्यांत प्रत्यारोपण झालेल्या मुलांचे गुण निरोगी मुलांपेक्षा सरासरीने कमी येतात, पण ती मुलं स्वतःला जे गुण देतात ते आईवडिलांनी दिलेल्या गुणांपेक्षा अनेकदा चांगले असतात. मला याचं नवल वाटत नाही. मुलाच्या डोक्यात आजचा खेळ असतो, पालकांच्या डोक्यात आयसीयू. प्रत्यारोपणानंतर महिनोन्महिने रात्री उठून छातीवर हात ठेवून बघणारे आईवडील मी पाहिलेत, आणि त्यांतल्या अनेकांना समुपदेशन लागतं. ते घ्या. घरातल्या आणखी एका मोठ्या माणसाला सगळी औषधं द्यायला शिकवा, निदान आईला आठवड्यातून एक संध्याकाळ मोकळी मिळेल. मोठं भावंड असेल तर महिन्यांमागून महिने ते बाजूला पडलेलं असतं, त्याचा एक वेगळा वेळ ठेवा. आणि मुलीने खेळणं फेकलं तर इतर कुठल्याही मुलीला सांगाल तसंच तिला सांगा. "एवढं सोसलंय तिने" म्हणून सगळे नियम सोडले की मूल सुखी होत नाही, गोंधळतं. शिवाय औषध घ्यायचंच, हा नियम ज्या घरात दुसरा कुठलाच नियम नाही तिथे टिकत नाही. किशोरवयात औषध चुकवणं हे हृदय गमावण्याचं मोठं कारण आहे, आणि त्याची पायाभरणी तिसऱ्या-चौथ्या वर्षी होते.

हृदय कुणाचं होतं हा प्रश्न साधारण पाच-सहा वर्षांचं मूल विचारतं. त्याआधी "तुझं हृदय आजारी होतं, डॉक्टरांनी दुसरं बसवलं" एवढं पुरतं. मग खरं सांगा: एक मूल वारलं, डॉक्टरांना त्याला वाचवता आलं नाही, त्याच्या आईबाबांनी हृदय दिलं. "तुझ्यासाठी ते मूल गेलं" असा अर्थ निघणारं वाक्य घरात कुणाच्याही तोंडून येऊ देऊ नका. मुलं ते मनात ठेवतात. दात्याच्या आवडीनिवडी हृदयासोबत येतात, या गप्पांनाही वैद्यकीय आधार नाही.

तुम्ही अजून यादीपाशी आहात, म्हणून शेवटी या आठवड्यातलं काम. मुलीचं लसीकरण कार्ड घेऊन टीमकडे जा. गोवर आणि कांजिण्यांसारख्या जिवंत लसी प्रत्यारोपणानंतर सहसा देत नाहीत आणि आधी द्यायच्या तर किमान ४ आठवडे हातात हवेत. तिची तब्येत आणि यादीतली स्थिती बघून राहिलेला डोस आता बसतो का, हे तेच ठरवतील. दात तपासून घ्या, किडलेला दात आत्ताच भरलेला बरा. श्रवणचाचणीही मागा: लघवीच्या औषधांचे मोठे डोस आणि काही अँटिबायोटिक्स कानांवर परिणाम करतात. पुढे ती उशिरा बोलू लागली तर ऐकू कमी येतंय की आजारामुळे मागे पडलीय, हे सांगायला आजचा रिपोर्ट लागेल.